जुन्या इंग्रजीतले बाळंतपणाचे शब्द कसे वाचावेत

प्रसूतिकक्षात नोकरी करताना ‘मिडवाइफ’ हा शब्द माझ्या तोंडात रोजचा होता. त्याची फोड करून पाहिली ती निवृत्त झाल्यावर. जुन्या इंग्रजीत ‘मिड’ म्हणजे ‘सोबत’, आणि ‘वीफ’ म्हणजे बाई, मग ती कुणाची बायको असो वा नसो. बाळंतिणीसोबत राहणारी बाई! माझं सगळं काम त्या एका शब्दात मावलेलं होतं. तेव्हापासून इंग्लंडचे जुने कागद वाचताना मी हे शब्द असेच उलगडून पाहते.

आधी कागद कधीचा, ते बघा. साधारण ११५० पर्यंतची ती जुनी इंग्रजी, म्हणजेच अँग्लो-सॅक्सन. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम निघाला १५३८ मध्ये, म्हणजे त्या वह्यांची भाषा बरीच पुढची. मधल्या काळात शब्दांनी कूस बदललेली असते. १३०० च्या सुमारास ‘गर्ल’ म्हणजे कुठलंही लेकरू, मुलगा असो की मुलगी. ‘नेव्ह चाइल्ड’ म्हणजे सरळ मुलगा. आज ‘नेव्ह’ म्हणजे लबाड माणूस, पण इथे त्यात लबाडी शोधू नका. सगळ्यात फसवतो तो ‘स्टेपचाइल्ड’. जुन्या इंग्रजीत ‘स्तेओपचिल्द’ म्हणजे पोरकं मूल. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, मी तुम्हाला पोरकं सोडणार नाही. अँग्लो-सॅक्सन भाषांतरात तिथे हाच शब्द आहे. ‘सावत्र’ असा अर्थ लावलात तर सगळी माया निघून जाते.

काळ ठरला की शब्दामागचा धातू शोधा. संस्कृत धातू आपल्या कानावरून गेलेले असतात, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जातं. ‘बेअर्न’ म्हणजे मूल. स्कॉटलंडमध्ये आजही ‘बेर्न’ म्हणतात. तो आला ‘बेरन’ म्हणजे वाहणे या क्रियापदापासून, आणि आपल्या ‘भार’ मधला ‘भृ’ त्याचा सख्खा भाऊ. ‘सुनु’ म्हणजे मुलगा, संस्कृतात ‘सूनु’. ‘प्रसूती’तला ‘सू’ तो हाच.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र ‘क्विक’. ‘क्विक विथ चाइल्ड’ वाचून घाईगडबड मनात आणू नका. जुना अर्थ जिवंत, आणि आपल्या ‘जीव’शी त्याचं मूळ एकच. पोटातलं बाळ पहिल्यांदा हललेलं आईला जाणवतं, ते ‘क्विकनिंग’. फाशीची शिक्षा झालेल्या बाईने आपण गरोदर आहोत असं सांगितलं, तर इंग्लंडमधलं न्यायालय जाणत्या बायकांची एक ज्युरी बसवून तिला तपासायला लावी. पोटात जीव हलतोय असं त्यांनी सांगितलं, की बाळंतपण होईपर्यंत फाशी थांबे. अशी नोंद समोर आली की माझा तळहात आपोआप आठवतो: पोटावर ठेवलेला, वाट बघणारा.

‘ब्रॉट टु बेड’ म्हणजे बाळंत झाली, आजारी पडली नाही. ‘चर्चिंग’ म्हणजे त्यानंतर चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानणं. ‘गॉसिप’ मुळात ‘गॉडसिब’, देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं. पुढे बाळंतपणाला जमणाऱ्या मैत्रिणींना हाच शब्द लागला.

‘क्रिझम’ दिसला की थांबा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला गुंडाळायचं पांढरं वस्त्र ते क्रिझम. महिन्याच्या आत बाळ गेलं तर त्यातच पुरत. पुढे त्या बाळालाच क्रिझम म्हणू लागले. लंडनच्या १६३२ च्या मृत्युयादीत एकूण ९५३५ दफनं आहेत, त्यांत ‘क्रिझम आणि तान्ही बाळं’ २२६८. त्याच यादीत ‘चाइल्डबेड’, म्हणजे बाळंतपणात गेलेल्या आया, १७१. म्हणून दफनाच्या वहीत एखाद्या बाईपुढे ‘चाइल्डबेड’ लिहिलेलं सापडलं, तर लगेच पुढे जाऊ नका. त्याच आठवड्यातले बाप्तिस्मे वाचा, मग पुढच्या महिन्याभरातली दफनं. तिचं बाळ बहुतेक तिथेच कुठेतरी असतं.