लेप लावलाय? मग हायड्रेट ढकलून बघा

खोल समुद्रातल्या गॅसच्या पाइपात बसणारे बोळे साध्या बर्फाचे नसतात. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात वायू अडकून होतो तो हायड्रेट, आणि दाब पुरेसा असला की शून्याच्या वरही तो खुशाल गोठतो. पाइप तुंबतात ते याच्यामुळे, हे हॅमरश्मिट या संशोधकानं 1934 मध्ये दाखवलं. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात, फुटलेल्या तेलविहिरीवर सुमारे दीड किलोमीटर खोल उतरवलेला पोलादी घुमटही यानंच तुंबला. मी ज्या लेपांवर काम करते ते हायड्रेट होणं थांबवत नाहीत. त्यानं भिंत धरू नये, प्रवाहाबरोबर सुटून जावं, एवढंच त्यांचं काम. म्हणून तपासायचं ते हेच: किती जोर लावल्यावर सुटतो?

आमच्याकडे मिथेनचा दाब झेपेल असं भांडं नाही. त्यावरचा जुना उपाय म्हणजे मिथेनऐवजी टेट्राहायड्रोफ्युरान (टीएचएफ) हे द्रव. साध्या हवेच्या दाबाला, 4.4 अंशांखाली त्याचा हायड्रेट होतो, आणि स्फटिकरचना पाइपात सहसा सापडणाऱ्या हायड्रेटचीच. 81 ग्रॅम पाण्यात 19 ग्रॅम टीएचएफ. वजन करूनच घ्या, मापानं नको. टीएचएफ कमी पडला तर उरलेलं पाणी शून्याखाली बर्फ होतं आणि तुम्ही बर्फाचीच चिकट मोजत बसता. तो उडतोही भराभर, म्हणून द्रावण रोज ताजं करा. पेट घेणारं द्रव आहे, काम फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणारं कपाट). जुन्या उघड्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात, ती वापरू नका.

पोलादाच्या पट्ट्या अॅसिटोननं पुसून काही लेपाच्या, काही कोऱ्या ठेवा. कोरी पट्टी रोज हवीच, नाहीतर तुलना कशाशी? आधी पाण्याचा थेंब ठेवून सुईनं परत ओढा आणि मागे हटणाऱ्या कडेचा कोन मोजा. नुसता बसलेला गोल थेंब फसवतो. थेंब सहज मागे सरकतो तिथं हायड्रेटही कमी धरतो. एमआयटीतल्या मंडळींनी 2012 मध्ये याच वाटेनं कोऱ्या पोलादाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत चिकट खाली आणली होती.

आता 1 सेंटिमीटर चौरस, दोन्हीकडून उघडी काचनळी पट्टीवर उभी करा, द्रावण भरा, पट्टी 1 ते 2 अंशांवर न्या. बराच वेळ काही होणार नाही. वाट बघू नका, आधीच्या हायड्रेटचा कण वरून टाका. पूर्ण गोठल्यावर फोर्स गेजचा (जोर मोजणाऱ्या यंत्राचा) दांडा पट्टीला अगदी लागून ठेवून हळूहळू ढकला. उंचावर ढकललात तर नळी कलंडते आणि आकडा खोटा येतो. 20 न्यूटनला सुटला तर 100 चौरस मिलिमीटरवर 0.2 मेगापास्कल.

इथं मी एकदा आठवडाभर फसले. नळीतून द्रावण गळू नये म्हणून कडेला सिलिकॉन ग्रीस लावलं, आणि सगळेच लेप उत्तम ठरू लागले! कोरी पट्टीही. तेव्हा कळलं, मी ग्रीस मोजत होते. आता नळीची कड घासून सपाट करते.

मुंबईच्या जुलैत आणखी एक कटकट: थंड पट्टीवर हवेतलं दव बसतं. वरून कोरडा नायट्रोजन सोडत राहा.

सुटल्यावर पट्टी भिंगाखाली बघा. हायड्रेटचे तुकडे चिकटलेले असले तर तो लेपापासून सुटला नाही, स्वतःच मोडला. तो आकडा वेगळ्या रकान्यात. मग तीच पट्टी धुऊन पुन्हा, किमान दहा फेऱ्या. माझ्या वहीत पहिल्या फेरीला गाजलेले लेप बहुधा चौथ्या-पाचव्या फेरीत कोऱ्या पोलादाजवळ आलेले आहेत.