ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? लेथवर जाण्याआधी हब बघा

ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, आणि गॅरेजवाला चाक खोलायच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो: "डिस्क वाकल्यात साहेब, लेथवर मारून आणतो." चाकाबरोबर फिरणारी बिडाची ब्रेक डिस्क रोजच्या वापरात अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा तिला दाबणाऱ्या ब्रेक पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त बसलेला असतो. पॅड जाड भागावर आला की पेडल मागे ढकललं जातं, पातळ भागावर आला की सैल पडतं. ही जाडी का बिघडली ते न शोधता डिस्क लेथवर घासून आणली, तर काही हजार किलोमीटरनंतर तुम्ही पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभे.

आधी दुखणं ब्रेकचंच आहे ना, ते ठरवा. ब्रेक न दाबताही ऐंशी-शंभरला गाडी थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टकटक झाली तर ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, तो बिघाड नाही. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं बघा. सीट आणि पेडल थरथरतं पण स्टिअरिंग शांत असेल तर मागच्या ड्रम ब्रेकवर संशय घ्या. खात्रीसाठी मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. तसंच थरथरलं तर दोष मागे आहे. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका.

दोष पुढे निघाला तर गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही), चाक आणि कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) काढा. कॅलिपर होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आता हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग. हीच पायरी सगळे गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त छळलंय तेही हिनंच. डिस्क काढली की मागे हबचा सपाट चेहरा दिसतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात वर खारी हवा. त्या चेहऱ्यावर, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या) मुळाशी, गंजाचे पापुद्रे चढलेले असतात. केसाच्या जाडीएवढा पापुद्रा जरी मध्ये अडकला तरी डिस्क तिरकी बसते आणि फिरताना डुलते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण डुलणारी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी चाटून जाते, तिथे झिजते, आणि काही महिन्यांनी थरथर सुरू होते. कोऱ्या डिस्क टाकूनही त्रास परत येतो तो बऱ्याचदा यामुळेच.

फडक्यानं पुसून हब साफ होत नाही. वायर ब्रश मारा, मग पॉलिश पेपरनं घासा. प्रत्येक स्टडच्या भोवतीची गोल जागा स्वतंत्रपणे साफ करा, कारण ब्रश तिथे पोहोचत नाही. ग्राइंडर लावायचा मोह आवरा. हबचंच लोखंड गेलं तर बेअरिंगसकट बदलायची वेळ येते. बोट फिरवून बघा, नखाला काहीही अडकता कामा नये. डिस्कची आतली बाजूही तशीच साफ करा. गंज परत चढू नये म्हणून हबवर ग्रीस थापायचा सल्ला मिळेल. तो जाड थर म्हणजे नवा पापुद्राच, ऐकू नका.

मग मोजा. डिस्क बसवून वॉशर घालून सगळे नट आवळा. सैल डिस्कवर घेतलेलं माप खोटं. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावा, टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिमी आत ठेवा आणि डिस्क हातानं सावकाश एक फेरी फिरवा. 0.05 मिमीच्या आत डुलत असेल तर उत्तम. 0.1 च्या पुढे असेल तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा आणि परत मोजा. अनेकदा एवढ्यावरच आकडा खाली येतो. कुठेही बसवली तरी काटा हलतोय? मग डिस्क काढून थेट हबवर गेज लावा. हबच डुलत असेल तर बेअरिंग किंवा हब गेलं.

आता डिस्कचा निर्णय. कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं (बारीक जाडी मोजायच्या मापकानं) सात-आठ ठिकाणी मोजा. किमान जाडीच्या जवळ असेल तर लेथचा विषय संपला, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदम बदला. जाडी भरपूर असेल तर टर्निंग (लेथवर घासणं) चालेल, पण साफ केलेल्या हबवरच बसवा.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना हातानं सरकायला हव्यात. अडकल्या असतील तर साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं नको.

नट एअर गननं ठोकू देऊ नका. गनवाला एक नट कमी, एक नट जास्त आवळतो आणि एवढ्या मेहनतीनं सरळ बसवलेली डिस्क पुन्हा ताणली जाते. समोरासमोरचे नट आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळा; आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जाईल.

नवे पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग ब्रेक न लावता थोडं चालवून थंड होऊ द्या. घाट उतरतानाही ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, खालच्या गिअरमध्ये या. आणि पायथ्याशी पोहोचल्या पोहोचल्या तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप तर अजिबात मारू नका.

हे सगळं करूनही थरथर राहिली तर लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनचे रबरी सांधे) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे सांधे) हलवून बघा.