आवाज येतो पण विमान दिसत नाही? अगाशीवरून असं शोधा

बडोद्यात हे सगळ्यांचं होतं, वर घरघर ऐकू येते, मान वर केली की आकाश रिकामं. कारण आवाज येतोय त्या जागी विमान नसतंच. ते असतं १०-११ किमी वर, आवाजाला खाली यायला अर्धं मिनिट लागतं, आणि ताशी ९०० किमीच्या स्पीडने तेवढ्यात ते आठेक किमी पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज कुठून कुठे सरकतोय ते जरा ऐका, हात लांब करून मूठ धरा (एक मूठ साधारण १० अंश) आणि आवाज डोक्यावर वाटत असेल तर त्याच्या तीन-चार मुठी पुढे बघा.

दुर्बीण लावून शोधत बसू नका, सापडणार नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचं, मग नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. फोकस मात्र आधीच लांबच्या कशावर तरी करून ठेवा, लक्ष्मी विलास राजवाड्याचा टॉवर दिसत असेल तर बेस्ट, कारण कोऱ्या निळ्या आकाशावर फोकस जमतच नाही. १० बाय ५० वाली (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण हातात हलते, कोपरं कठड्याला टेकवा नाहीतर सरळ सतरंजी टाकून आडवे पडा, उत्तरायणात पतंग बघून मान कशी धरते ते ठाऊक आहेच. आणि सूर्य भिंतीआड ठेवूनच बसायचं, दुर्बिणीतून चुकून जरी सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

फार मोठं दिसेल अशी आशा नको. एअरबस ए३२० साधारण ३७.५ मीटर लांब, अगदी डोक्यावर असलं तरी चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, आणि ७४ मीटरचं बोइंग ७७७-३००ईआर पाऊण चंद्राएवढं.

पांढरी रेघ असेल तर काम सोपं, रेघेचं टोक पकडायचं, विमान तिथून किंचित पुढे असतं. दुर्बिणीतून विमानाच्या लगेच मागे बघा, दोन इंजिनांच्या दोन रेघा, चार असतील तर चार, पण त्या पटकन एकमेकींत मिसळतात. वरची हवा कोरडी असली की रेघ लगेच विरते किंवा उमटतच नाही, मग संध्याकाळ गाठा. सूर्य मावळल्यावरही दहाएक मिनिटं तेवढ्या उंचीवर ऊन असतं आणि विमान सोनेरी चमकतं, मला तरी हीच वेळ सगळ्यात आवडते.

कुठलं विमान, कुठे चाललंय ते फ्लाइटरडार२४ वर (उडती विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप) बघा, पण आधी स्वतः ओळखून मग बघा राव, नाहीतर मजा काय. मकरपुऱ्याच्या एअरफोर्स स्टेशनकडे मात्र कॅमेरा वळवायचा नाही.