उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली की गाव कसं सांभाळायचं

फोन बहुतेक सकाळी आठ-नऊच्या दरम्यान येतो. "पाटीलबाई, वाघाची पिल्लं निघालीत." आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला वाघच म्हणतात. नोव्हेंबर ते मार्च, ऊसतोड चालू असेपर्यंत, हा फोन कधीही येऊ शकतो. अकरा वर्षं पोलीस पाटील आहे. पिल्लांचं काय करायचं ते फॉरेस्टवाले आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राचे डॉक्टर बघतात. माणसांचं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. तेवढंच इथं लिहिते.

फोनवर पहिला प्रश्न विचारायचा : कुणी उचललीत का? उचलली असतील तर जिथून उचलली तिथंच पाचटावर ठेवा आणि मागं सरा. माणसाचा वास लागला की आई पिल्लं घेत नाही, ही समजूत खोटी आहे. डॉक्टरांनी तपासलेली, वजन केलेली पिल्लं आई रात्री येऊन नेते, मी पाहिलंय. मात्र जागा बदलली की गोंधळ होतो.

दुसरा प्रश्न : ऊस किती सऱ्या उभा आहे आणि कुठल्या बाजूला? आई बहुधा त्या उभ्या उसातच असते. पिल्लं आणि उभा ऊस यांच्या मधे एकही माणूस थांबता कामा नये. लोक नेमके तिथंच उभे राहतात, कारण तिथून फोटो चांगला येतो.

मग वनरक्षकाला फोन. नंबर नसेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, गाडी कुठपर्यंत येते, पिल्लं किती, डोळे उघडलेत का, एवढं एका दमात सांगा. पिल्लं फारच बारकी असतील तर तेही सांगा. आमच्या उसात वाघाटी (ही बारकी रानटी मांजर) आणि रानमांजरही वितात आणि निम्म्या वेळा 'वाघ' म्हणून आरडाओरडा होतो तो त्यांचाच. फॉरेस्टवाल्यांना फोटो पाठवायचा असेल तर एकाच माणसानं लांबून एकच काढायचा.

आता गर्दी. गाडी येईपर्यंत तास-दीड तास तुमच्या हातात असतो आणि तेवढ्यात अर्धं गाव बांधावर येतं. "मागं व्हा, मागं व्हा" ओरडून काही होत नाही, मी ओरडून बघितलंय. काम वाटून द्यायचं. जो पोरगा सगळ्यात पुढं मोबाईल घेऊन उभा असतो, त्यालाच रस्त्याच्या तोंडाशी पाठवायचं : "बाळा, इथून एकही मोटारसायकल आत सोडायची नाही, तुझ्यावर आहे." दुसऱ्याला वस्तीवरची कुत्री बांधायला. तिसऱ्याला म्हाताऱ्या माणसांना घरी पोचवायला. जबाबदारी मिळाली की तोच पोरगा इतरांना दम देतो. स्टेटस मात्र कुणीही ठेवायचं नाही. एका स्टेटसवर शेजारची तीन गावं येतात.

पहिल्या वेळी मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. आमच्याच भावकीतल्या एका पोरानं एक पिल्लू खताच्या गोणीत घालून घरी नेलं, लेकराला दाखवायला. मला दुपारी कळलं. त्या रात्री बिबट्याची मादी वस्तीभोवती फिरत होती, तो करवतीसारखा आवाज अजून कानात आहे. एकाच्या ओट्यावरचं कुत्रं गेलं. पिल्लू परत जागेवर ठेवलं, पण तिनं ते नेलं तिसऱ्या रात्री. तोवर वस्तीतलं कुणी झोपलं नाही. बिबट्या कायद्यानं पहिल्या अनुसूचीत येतो, पिल्लू घरात ठेवणं गुन्हा आहे. पण कायदा सांगून पोरं ऐकत नाहीत. ही गोष्ट सांगितली की ऐकतात.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते ऊसतोड मजुरांच्या टोळीकडं. गावाचं लक्ष पिल्लांवर असतं आणि ज्यांच्या कोयत्यापुढं ती निघाली, त्या माणसांना कुणी विचारत नाही. त्यांची मजुरी टनावर. फड थांबला की दिवस बुडाला, आणि अंगावर उचल, म्हणजे आधी घेतलेले पैसे, असतेच. म्हणून आधी मुकादमाला बाजूला घ्या, शेतकऱ्याला आणि कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला) बोलवा आणि टोळीला तासाभरात दुसरा फड मिळेल असं बघा. हे जमलं नाही तर टोळी गुपचूप तोड चालू ठेवते, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

त्यांच्या कोप्या त्याच रानाच्या कडेला असतात. कापडाची किंवा पाचटाची भिंत, दाराला फळी नाही, आणि लहान लेकरं बाहेर झोळीत. आईला पिल्लं सापडत नाहीत त्या रात्री त्या कोप्या तिच्या वाटेवर असतात. संध्याकाळी पाचच्या आत बायका-लेकरांना शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात हलवा. एकदा एक मावशी म्हणाली, "आमची भांडी कोण बघंल?" प्रश्न खरा होता. तेव्हापासून दोन माणसं ट्रॅक्टर लावून कोप्यांजवळ बसवतो.

दुपारी चारच्या आधी शेजारच्या शेतकऱ्यांच्या दारात स्वतः जा. रात्रीची लाईट असेल तर मोटर चालू करायला कुणीतरी बॅटरी घेऊन निघणारच. "आजची पाळी सोडा" हे फोनवर सांगितलं तर राग येतो. दारात उभं राहून चहा घेऊन सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. दिवसा लाईट द्या ही मागणी आमच्याकडं उगाच होत नाही.

अंधार पडायच्या बेताला पिल्लं तपासून त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवतात. टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट, नारायणगावच्या बाजारामुळं ते आमच्याकडं घरोघर असतं. ट्रॅप कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. आई येते, कॅरेट पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. कधी तासाभरात, कधी पहाटे, कधी दुसऱ्या रात्री. तोवर कुणी बॅटरी मारायची नाही, फटाके नाहीत.

या सगळ्यात एक वाक्य हमखास येतं : "उचला आणि लांब जंगलात सोडा." चिडू नका, बोलणाऱ्याचं लेकरू अंगणात खेळत असतं. मी एवढंच सांगते की ते करून झालंय. धरलेले बिबटे दुसरीकडं सोडायला लागले त्या काळाचा, आमच्याच जुन्नर भागाचा, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. आणि कुकडीच्या कालव्याचं पाणी आल्यापासून इथं ऊस आहे. उसात जन्मलेल्या जनावराला लांबचं जंगल हे परकं गाव.

पण हे ज्याची शेळी गेली त्याला त्या दिवशी सांगायचं नाही. त्याला सांगायचं : मेलेलं जनावर हलवू नका, ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा, पंचनाम्याला मी येते. आणि जायचं. भरपाईचा कागद लावून दिलेला माणूस पुढच्या वेळी गर्दी आवरायला स्वतः येतो. जिथं माणूस गेलंय, त्या घरी यातलं काहीच बोलू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या आमच्या चार तालुक्यांत अशी घरं आहेत. तिथं नुसतं बसावं, शिव्या दिल्या तर ऐकाव्यात, पिंजऱ्याचा अर्ज मागितला तर लिहून द्यावा.

सकाळी कॅमेरा बघून झाला की आधी मुकादमाला फोन करायचा, सरपंचाला नंतर. टोळी वाट बघत असते. आणि कॅरेट धुऊन ज्याचं त्याला परत द्या. मागच्या हंगामातली दोन कॅरेट एक शेतकरी अजून माझ्याकडं मागतो.