दम्याचा पंप घेताना तोंड आणि घसा कसा जपावा

पंप सुरू केल्यावर आवाज बसला, घशात खवखव होऊ लागली किंवा जिभेवर पांढरा थर आला, की अनेक रुग्ण कोणाला न विचारताच पंप बाजूला ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा धाप लागून दवाखान्यात येतात. त्रास खोटा नसतो, पण तो बहुतेक वेळा टाळता येतो.

आपल्या हातात कोणता पंप आहे, हे आधी वेष्टनावर पाहावे. दम लागल्यावर तात्पुरता आराम देणारा साल्बुटामॉलचा पंप वेगळा आणि श्वासनलिकांची सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप वेगळा. वेष्टनावर बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांपैकी एखादे नाव असेल, मग ते एकटे असो वा फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉलच्या जोडीने, तर पुढील काळजी आपल्यासाठी आहे.

दाबून फवारा सोडणाऱ्या पंपातून औषध इतक्या वेगाने बाहेर पडते की ते वळण घेऊन श्वासनलिकेत शिरण्याऐवजी त्यातील बराच भाग थेट टाळूवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो व तिथेच चिकटून राहतो. स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी होते आणि एरवी तोंडात निरुपद्रवीपणे राहणारी कँडिडा नावाची बुरशी वाढू लागते. घशात राहिलेले औषध फुप्फुसाच्या काहीच उपयोगाचे नसते. म्हणजे घसा बिघडतो आणि दमाही पुरेसा आटोक्यात येत नाही.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे स्पेसर, म्हणजेच पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. तो फक्त लहान मुलांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे. फवाऱ्यातील जड थेंब नळीतच अडकतात, वेग मंदावतो आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. पंप नीट हलवावा, पूर्ण श्वास सोडावा, नळीचे तोंड ओठांत घट्ट धरून एकच फवारा सोडावा, लगेच सावकाश आणि खोल श्वास घ्यावा आणि सुमारे 10 सेकंद रोखून धरावा. दुसरा फवारा घ्यायचा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. दोन्ही फवारे एकदम नळीत सोडल्यास मिळणारे औषध उलट कमी होते. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासण्याचा सौम्य साबण घालून धुवावा आणि न पुसता वाळू द्यावा, कारण कापडाने घासल्यावर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध नळीच्या आतल्या बाजूलाच चिकटते.

रोटाहेलरसारख्या, कॅप्सूलमधील पावडर ओढून घ्यायच्या साधनाला स्पेसर लागत नाही. तिथे श्वासाची रीत नेमकी उलटी असते: सावकाश नव्हे, तर जोरात आणि खोल ओढावा लागतो. ओढ कमी पडली की पावडर जिभेवर आणि घशातच राहते. साधनात उच्छ्वास सोडू नये आणि कॅप्सूल न्हाणीघरातल्या फळीवर ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात तर डबी घट्ट बंद असणे आवश्यकच आहे, कारण दमट पावडरीचे गोळे होतात आणि ती नीट उडत नाही.

औषध घेतल्यावर लगेच, अर्ध्या तासाने नव्हे, आधी तोंडभर पाणी खळखळवून चूळ भरावी, मग मान मागे करून घशापर्यंत गुळण्या कराव्यात आणि दोन्ही वेळा पाणी थुंकून टाकावे. साधे पाणी पुरते. मीठ किंवा हळद घालण्याची गरज नाही. कवळी असल्यास ती काढून चूळ भरावी. सर्वांत सोयीची सवय म्हणजे सकाळी आणि रात्री दात घासण्याच्या आधी पंप घेणे, म्हणजे विसरायला जागाच उरत नाही. गुळण्या न येणाऱ्या लहान मुलांना औषधानंतर पाणी पाजावे किंवा त्यांचे दात घासावेत, आणि मास्क वापरला असेल तर चेहराही पुसावा. मात्र प्रवासात अचानक दम लागला आणि जवळ पाणी नसेल, तर त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेण्याचे लांबवू नये. चूळ मागाहून भरता येते.

आवाज बसण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. गुळणीचे पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे शिक्षक, गायक, कीर्तनकार अशा आवाजावर पोट असलेल्यांनी केवळ गुळण्यांवर विसंबू नये. काहींना साधन किंवा औषध बदलल्याने आराम पडतो. सिक्लेसोनाइड हे औषध मुख्यतः फुप्फुसात गेल्यावरच सक्रिय होत असल्याने घशाला कमी त्रास देते. हा बदल अर्थातच डॉक्टरांनी करायचा आहे.

टाळूवर, जिभेवर किंवा गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे दिसले आणि खरवडल्यावर खाली लालसर जागा दिसली, तर ती बुरशी असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे याला ‘तोंड आले’ समजून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या जातात, ज्यांचा इथे उपयोग नसतो. क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडात लावल्यास चट्टे सहसा जातात आणि त्यासाठी पंप स्वतःहून बंद करण्याची गरज नसते. मधुमेह असलेल्यांना किंवा नुकतीच प्रतिजैविके घेतलेल्यांना हा त्रास लवकर होतो. गिळताना दुखत असेल किंवा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर तपासणी लांबवू नये.

तपासणीला जाताना पंप आणि स्पेसर बरोबर न्यावेत आणि डॉक्टरांसमोर एकदा औषध घेऊन दाखवावे, कारण चूक कुठे होते ते सांगण्यापेक्षा करून दाखवल्यावरच कळते. दमा काही महिने आटोक्यात असेल, तर मात्रा कमी करता येईल का, हेही त्याच भेटीत विचारावे.