जी-सीएसएफचं इंजेक्शन: कॅन्सर वॉर्डात नव्याने येणाऱ्या जीएनएमच्या मुलींसाठी

आपला भाग खर्ऱ्याचा. वर्ध्या-नागपूरच्या वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरचे, किमो-रेडिएशनचे पेशंट रोजचेच. त्यामुळे फिलग्रास्टिम म्हणजे जी-सीएसएफ तुमच्या हाती लवकरच पडणार. हाडांतल्या मज्जेला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवायला लावणारं हे प्रथिन.

सगळ्यात जास्त गोंधळ वेळेचा होतो. किमोनंतर २४ तास जाऊ द्यायचे, मगच इंजेक्शन. त्यानं मज्जेतल्या पेशी भराभर विभागू लागतात, आणि किमो मारतं ते विभागणाऱ्या पेशींनाच. किरणोत्सर्गाच्या अपघातात उलट आहे. २ ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे अंगात शिरलेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक) जास्त डोस बसल्याचा संशय आला की शक्य तितक्या लवकर सुरू करतात, आणि मात्राही किमोनंतरच्या दुप्पट, किलोमागे रोज १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत या वापराला २०१५ साली मान्यता मिळाली तीही माकडांवरच्या अभ्यासावरून. माणसांवर असा प्रयोग कोण करणार?

अपघात काय अणुभट्टीतच होतो असं नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० आलं आणि एक माणूस गेला. भंगारवाले आपल्या तालुक्यातही आहेत. असा पेशंट आलाच तर पहिली उलटी किती वाजता झाली ते लिहा आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर रक्त घेतल्याची वेळ टाका. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एकदा करून भागत नाही. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आधी पडतात. किती वेगाने पडतात यावरून डोसचा अंदाज येतो.

औषधालाही मर्यादा आहे. बीच जळालं असेल तर पऱ्हाटीला युरिया टाकून काय फायदा? मज्जेतल्या मूळ पेशी उरल्या असतील तरच ते चालतं. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ सालच्या किरणोत्सर्गाच्या अपघातात काही जणांना याच जातीचं जीएम-सीएसएफ दिलं होतं, तरी चौघं दगावले.

इंजेक्शन घरी न्यायचं असेल तर २ ते ८ अंश म्हणजे काय ते नीट समजावून सांगा. एका मावशींनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं होतं, तेही मे महिन्यात! थर्मासमध्ये बर्फ चालतो, पण बर्फाला चिकटून नको, आणि फ्रीजरमध्ये तर नाहीच.

मग तक्रार येते, "सिस्टर, कंबर लय ठणकून राह्यली." दुखणारच, मज्जा कामाला लागलेली असते. पण पॅरासिटामॉल द्यायच्या आधी थर्मामीटर लावा, नाहीतर ताप झाकला जाईल. ३८ अंशांच्या वर गेला तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना उठवा.