ऑर्डर मिळाली, पण करवत विकली गेली का? चेनसॉच्या विक्रीत नव्याने आलेल्यांसाठी

या लाइनमध्ये नव्याने आलेल्या दोघातिघांनी मला अलीकडे एकच प्रश्न विचारला. पंधरा-वीस डीलर सांभाळत फिरण्यापेक्षा एखाद्या मोठ्या साखळी दुकानात माल लावला, तर टार्गेट एका फटक्यात होणार नाही का? होतं. एका तिमाहीचं नक्की होतं. माझंही झालं होतं, आणि त्यानंतरची दीड वर्षं मी ते निस्तरत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. प्रायमरी (कंपनीने दुकानाला केलेली विक्री) म्हणजे काय, मार्जिन आणि मार्कअप यांत फरक काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. शब्दांचा घोळ नको म्हणून एवढंच सांगते: खाली 'करवत' म्हणजे चेनसॉ, 'चेन' म्हणजे करवतीवरची चेन, आणि 'साखळी' म्हणजे शेकडो शाखांची दुकानं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. माझ्याकडे चौदा डीलर होते, सगळे स्वतःचं दुकान आणि मागे स्वतःचं वर्कशॉप असलेले. एका साखळीच्या खरेदी विभागाकडून बोलावणं आलं. एका बैठकीत त्यांनी जेवढ्या करवतींची ऑर्डर दिली, तेवढ्या माझे चौदा डीलर मिळून अख्ख्या हंगामात उचलत नसत. माझ्या तेव्हाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "सही घे, बाकीचं नंतर बघू." मी सही घेतली. कराराची पानं मी वाचली नव्हती असं नाही. परतीचं कलम वाचलं होतं. परत येऊन किती येणार, पाच-सहा टक्के, असं मनाशी धरलं आणि पुढचं पान उलटलं. फसले ती याच ठिकाणी, त्यामुळे हा भाग जरा लांबवते.

साखळीला बिल फाडलं की आपल्या कागदावर विक्री झालेली असते. पण करवत फक्त आपल्या गोदामातून त्यांच्या गोदामात गेलेली असते. तिला अजून तीन फाटे फुटायचे असतात. पहिला, ग्राहक ती विकत घेतो, वापरतो, खूश असतो. दुसरा, ग्राहक घेतो आणि काही दिवसांत परत आणतो. काउंटरवर त्याला फारसं काही विचारत नाहीत, पैसे परत देतात आणि ती रक्कम आपल्याला डेबिट नोट म्हणून येते, म्हणजे आपल्या येण्यातून कापली जाते. तिसरा, ती विकलीच जात नाही, आणि हंगाम संपला की उरलेला माल करारानुसार आपल्या दारात येतो किंवा तो भावात उतरवून काढायचा खर्च आपल्याकडून मागितला जातो.

आता आकडे मांडून बघा. समजा १०० करवती बिल केल्या. हंगामभरात ६५ विकल्या गेल्या. त्यातल्या ८ परत आल्या. उरलेल्या ३५ हंगामाच्या शेवटी आल्या. म्हणजे खऱ्या विकल्या गेलेल्या ५७. तुम्ही इन्सेंटिव्ह घेतला १०० वर, कारखान्याने उत्पादन लावलं १०० वर, आणि पुढच्या वर्षीचं टार्गेट ठरलं १०० च्या पुढे. शिवाय परत आलेल्या ४३ मधल्या ८ उघडलेल्या, वापरलेल्या. त्या नव्या म्हणून विकता येत नाहीत. उरलेल्यांचे खोके फाटलेले, लेबलं चिकटवलेली. येणं-जाणं वाहतूक आपली. बारकोड चुकीच्या जागी, गाडी ठरलेल्या वेळेच्या खिडकीत पोचली नाही, अशा कारणांच्या वजावटी वेगळ्या. आणि हे सगळं कळतं कधी? पैसे यायची मुदत ६० किंवा ९० दिवसांची असेल, तर हंगाम सरल्यावर. मला पहिली डेबिट नोट आली तेव्हा मी पुढच्या हंगामाचा अंदाज आधीच वर पाठवला होता.

परत आलेल्या करवती मी स्वतः वर्कशॉपच्या टेबलावर उघडायला लावल्या. कारखान्याचा दोष सापडलेल्या अगदी थोड्या. एकीत नुसतं पेट्रोल घातलेलं, टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब नाही, पिस्टन सिलिंडरला घासून जाम. आपल्या बहुतेक मॉडेलना ५० ला १ चं मिश्रण लागतं, म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल. हे खोक्यातल्या पुस्तिकेत होतं, पण ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच बंद. दुसरीत चेन उलटी बसवलेली, दात मागे तोंड करून, ग्राहकाची तक्रार, "कापत नाही." तिसरीत चेन ब्रेक लागलेला, तसाच थ्रॉटल दाबून क्लच जाळलेला. चौथीत बारच्या (ज्या पट्टीवर चेन फिरते तिच्या) तेलाची टाकी कोरडी, बार निळा पडलेला. दोन-तीन तर फक्त फ्लड झाल्या होत्या, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलेलं. चोक ओढून पंधरा वेळा दोरी खेचली की होतातच. प्लग काढून पुसला, सुरू झाल्या.

यातला एकही प्रकार माझ्या डीलरच्या दुकानात सहसा घडत नसे. का, ते मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. डीलर करवत खोक्यात देत नाही. तो ती काढतो, बार आणि चेन बसवतो, ताण बघतो, मिश्रण स्वतः घालतो, दुकानाच्या मागे नेऊन सुरू करतो. थंड इंजिन कसं सुरू करायचं आणि गरम कसं, हे ग्राहकाच्या हाताने करून घेतो. नवी चेन पहिल्या वापरात ताणते, थोड्या वेळाने परत कसायची, हे सांगतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून अंगावर येते, हे हाताने दाखवतो. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. हे दाखवणं शिष्टाचारासाठी नसतं, त्यावर माणसाचा गळा आणि खांदा अवलंबून असतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांचे पैसे आपण डीलरच्या मार्जिनमध्ये देतो. साखळीला कमी मार्जिनवर, मोठ्या संख्येने माल दिला की ती पंधरा मिनिटं कुठे जात नाहीत. ती परतीच्या ढिगात, वॉरंटीत आणि कधी अपघातात दिसतात.

आता डीलरच्या बाजूचं. मी तेच मॉडेल, तोच नंबर दोन्हीकडे लावला होता. साखळीने जाहिरातीत भाव पाडला, आणि तो भाव माझ्या डीलरच्या खरेदीभावाच्या जवळपास आला. मला वाटलं, फोन येतील, भांडणं होतील. तसं काही झालं नाही. डीलर भांडत नाहीत, हे लक्षात ठेवा. माझ्या सगळ्यात जुन्या डीलरने आमच्या करवती दर्शनी फळीवरून काढून मागच्या भिंतीला लावल्या आणि समोर दुसऱ्या कंपनीच्या लावल्या. मी गेले तर चहा दिला, चौकशी केली. निघताना एवढंच म्हणाला, "मॅडम, तिकडे घेतलेली तुमची करवत दुरुस्तीला माझ्याकडे येते. बिल नाही, ग्राहक चिडलेला, आणि तुमचा वॉरंटीचा मजुरीदर आहे तो असा. मी हो म्हणू की नाही, तुम्हीच सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीलरची शिफारस हीच आपली जाहिरात असते, आणि ती बंद झाल्याचं कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. दिसतं ते दोन हंगामांनी.

तुमच्यापैकी कुणी आत्ता अशीच ऑर्डर घेऊन बसलं असेल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर घाबरू नका. यातून बाहेर पडता येतं. मी पडले. नोकरीही टिकली. पण ते लपवलं असतं तर टिकली नसती. खरा आकडा मी स्वतःहून वर सांगितला, तो दिवस वाईट होता, पण त्यानंतर लोक माझ्या अंदाजावर विश्वास ठेवू लागले.

आणि डीलर म्हणजे सगळे देवमाणूस, असंही समजू नका. उधारी थकवणारे आहेत. वॉरंटी क्लेममध्ये जुना पार्ट नवा म्हणून दाखवणारे आहेत. पहिल्यांदा करवत घ्यायला आलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, "हे तुमचं काम नाही" म्हणून परत पाठवणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत; ती बाई मग साखळीतच जाते, आणि बरोबर करते. तिथे भाव लिहिलेला असतो, सुट्टीच्या दिवशी दुकान उघडं असतं, कुणी तिला जोखत नाही. वर्षातून दोनदा पडलेल्या फांद्या कापणाऱ्याला जाडजूड व्यावसायिक करवत गळ्यात मारणारा डीलरही आपलं नुकसानच करतो.

मोठ्या कंपन्यांनीसुद्धा याचं एकच उत्तर काढलेलं नाही. अँड्रियास श्टिल यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने अमेरिकेत सर्व्हिस देणाऱ्या डीलरांचाच रस्ता धरला. जगात सगळ्यात जास्त खपणारा चेनसॉचा ब्रँड लोज आणि होम डेपो या साखळ्यांत का मिळत नाही, असा सवालच त्यांनी जाहिरातीत छापला होता. न विकण्याची जाहिरात! मला ती आजही धाडसी वाटते. हुस्क्वार्ना ही करवतींची दुसरी कंपनी मात्र डीलर आणि मोठी दुकानं, दोन्हीकडे राहिली. करवतीच्या शेजारची गोष्ट म्हणजे स्नॅपर गवतकापणी यंत्रांची: २००२ मध्ये त्या कंपनीचे प्रमुख जिम वियर वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले आणि आम्ही तुम्हाला माल देणं थांबवतो, असं सांगून आले. सतत खाली जाणाऱ्या भावाच्या स्पर्धेत त्यांचं टिकाऊ, दुरुस्त करून वापरायचं यंत्र बसत नव्हतं. ही उदाहरणं बैठकीत तोंडावर फेकायला वापरू नका. त्यांच्यामागे वर्षानुवर्षं बांधलेलं डीलरांचं जाळं होतं. तुमच्याकडे चौदा डीलर असतील आणि त्यातल्या पाच जणांकडेच मेकॅनिक असेल, तर 'आम्ही फक्त डीलर' हे वाक्य पोकळ आहे.

बॅटरीच्या करवतींनी गणित थोडं बदललंय, हे मान्य करायला हवं. कार्ब्युरेटर नाही, मिश्रण नाही, महिनाभर टाकीत पडून शिळं झालेलं पेट्रोल नाही. माझ्या त्या परतीच्या ढिगातल्या निम्म्या तक्रारी बॅटरीत उद्भवल्याच नसत्या. म्हणून हलक्या बॅटरी मॉडेलसाठी मी आज साखळीला नाही म्हणत नाही. पण चेन तीच, उसळी तीच, बारला तेल तसंच लागतं, आणि चेन एकदा मातीला टेकली की धार तशीच जाते. धार लावायला शेवटी गोल कानस धरणारा हात हवाच.

एक शॉर्टकट तुम्हाला हमखास सुचवला जाईल: तीच करवत, वेगळा रंग, वेगळा नंबर, एक साखळीला आणि एक डीलरला. माझं स्पष्ट मत, हे करू नका. डीलरचा मेकॅनिक दोन स्क्रू काढतो आणि त्याला कळतं. मॉडेल वेगळं करायचं तर खरोखर वेगळं करा: डीलरकडे व्यावसायिक इंजिन, दुरुस्त करता येईल असं, साखळीकडे हलकं, घरगुती. आणि साखळीतल्या करवतीची सर्व्हिस कोण करणार, कुठल्या मजुरीदराने, हे डीलरांशी आधी बोलून लेखी ठरवा. मी नंतर मजुरीदर वाढवून घेतला आणि साखळीच्या प्रत्येक खोक्यात जवळच्या डीलरकडे पहिली तपासणी मोफत, असं कार्ड घातलं. तपासणीचे पैसे डीलरला आम्ही देत होतो. सगळे ग्राहक गेले नाहीत. जे गेले त्यांनी तिथून चेन घेतली, ऑइल घेतलं, काहींनी संरक्षक पँट घेतली. जुन्या डीलरने पुढच्या वर्षी आमच्या दोन करवती परत दर्शनी फळीवर लावल्या. दोनच. बाकीच्या अजून मागे आहेत.

आता हा धंदा कुणाकडून शिकावा, त्याबद्दल. ज्यांनी मला सही घ्यायला सांगितलं त्यांचा राग नाही, पण त्यांनी कधी करवत उघडलेली नव्हती. मला हा धंदा एका डीलरकडच्या मेकॅनिकने शिकवला. आठ दिवस त्याच्या टेबलाशी उभी राहिले. कुठल्या चेनला ४ मिमीची कानस, कुठल्या चेनला ४.८ ची, दाताला तीस अंशात कशी धरायची, हे हाताने केलं. तेव्हापासून डीलर माझ्याशी वेगळं बोलतात. नव्याने लागलात तर पहिले दोन आठवडे एक्सेल सोडा आणि असं टेबल शोधा. साहेब सुट्टी देणार नाहीत, शनिवारी जा.

आणि साखळीशी बोलणी सुरू असतीलच, तर सहीआधी चार गोष्टी लेखी मागा: परतीवर टक्केवारीची कमाल मर्यादा, वापरलेला आणि न उघडलेला माल यांचा वेगळा हिशेब, दर आठवड्याचा शाखानिहाय काउंटर विक्रीचा आकडा, आणि भाव उतरवण्याचा खर्च कोणाचा. पहिल्या ऑर्डरला सगळ्या शाखा देऊ नका, थोड्या शाखांत एक हंगाम बघा. खरेदी विभाग नाराज होईल, होऊ द्या. आणखी एक. डेबिट नोटवर हरकत घ्यायची मुदत करारातच लिहिलेली असते, बहुधा शेवटच्या परिशिष्टात. माझी एकदा तीन दिवसांनी हुकली आणि चूक त्यांची असूनही ते पैसे गेले ते गेलेच. करार हातात आला की ती तारीख आधी कॅलेंडरमध्ये टाका, आणि अकाउंट्समधल्या माणसाच्या कॅलेंडरमध्येही.